सर पायी घरी आले

आजरा
रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

सोमशेखर सर,

अण्णा म्हणायचं मी सोडलंय, तेव्हा सर. अख्खी राजारामपुरी म्हणते तसं.

तुझं पुस्तक आजऱ्याला पोचलं. एसटी स्टँडवरच्या दुकानात सुतळीला लटकत होतं. एका बाजूला लग्नातले उखाणे, दुसऱ्या बाजूला म्हशींचे रोग आणि उपचार, आणि मधी तू. 'तीस दिवसांत इंग्रजी भूतकाळ'. मागच्या पानावर टाय लावलेला फोटो. टाय तर आपल्या घरात कधी नव्हता. फोटो स्टुडिओतला ना? तिथं खिळ्याला अडकवलेला असतो, एकाच्या मानेचा घाम दुसऱ्याच्या मानेला. तो घालून तू असा बघतोयस की साऱ्या जगाचं स्पेलिंग चुकलंय आणि तुला एकट्याला दिसलंय.

बारा रुपये मोजून घेतलं. का घेतलं विचारू नकोस. घेतलं.

मी इथं काजूच्या कारखान्यात आहे. भाजलेला काजू फोडताना टरफलातलं तेल उडतं, हाताची कातडी सोलून निघते, बोटं काळी पडतात. बाया राख लावून बसतात. मला कुणी सांगितलं नाही, मी तसाच बसलो, पहिल्या दिवशी दोन्ही अंगठे गेले. त्याच अंगठ्यांनी तुझं पुस्तक उलटतोय, म्हणजे प्रत्येक पानावर माझा अंगठा उमटलाय. सही येत नसलेल्या माणसासारखा. ते असो. काय सांगत होतो?

हां, अभ्यास नववा. 'अँड, बट, सो लावून भूतकाळातील वाक्ये जोडणे.'

तुझ्या क्लासात मी दोन वर्षं शेवटच्या बाकावर फुकट बसलो आणि दोन्ही वर्षं दहावीला इंग्रजीत गचकलो, तरी तुझा रिवाज अजून पाठ आहे. प्रत्येकानं रोज चिठ्ठीवर काल घडलेल्या दोन गोष्टी लिहून आणायच्या, दारातल्या बुटाच्या खोक्यात टाकायच्या. तू एकेक चिठ्ठी काढणार, फळ्यावर लिहिणार, आणि पोरं त्या दोन गोष्टी जोडणार. खोटं चालायचं नाही. खोट्यावर व्याकरण बसत नाही, म्हणायचास. हे वाक्य तुझं. मला हसायला येतंय, पण ओठ फुटलेत.

त्या खोक्यापायी साऱ्या गल्लीच्या भानगडी आम्हाला कळायच्या. कुणाची म्हैस व्याली अँड कुणाचं लग्न मोडलं. आणि आपला आकाराम, शिरोलीच्या फौंड्रीतला, चाळिशीचा गडी, पोरांच्यात मांडी घालून. त्याची चिठ्ठी वर्षभर एकच. 'आय वेंट टू ड्यूटी अँड आय केम फ्रॉम ड्यूटी.' तू म्हणायचास, 'आकाराम, तुमच्या आयुष्यात दुसरं काय घडत न्हाई काय?' तो म्हणायचा, 'घडतंय सर, पन इंग्रजीत बसत न्हाई.'

तर अभ्यास नववा, वाक्य सहावं. इथं उतरवतो, तुझंच आहे: 'सर वेंट टू कळंबा ऑन हिज स्कूटर अँड केम होम ऑन फूट.' सर स्कूटरवरनं कळंब्याला गेले आणि पायी घरी आले. खाली तुझी टीप: कर्ता एकच असल्यास दुसऱ्यांदा लिहू नये.

कर्ता एकच. शाब्बास!

मला इंग्रजी आली नाही, पण एवढं कळलं की ती भाषा लई खडूस आहे. आपण म्हणतो, जाऊन आला. जेवून झोपला. पहिलं काम दुसऱ्याच्या पोटात घालून मोकळे. तिकडं तसं चालत नाही. दोन्ही कामं वेगळी उभी करायची, दोघांच्याही कपाळावर भूतकाळाचा शिक्का, मधी अँड. म्हातारीला पाडून गेला, हे मराठीत एका श्वासात उरकतं. इंग्रजीत दोन गुन्हे होतात.

९६ च्या फेब्रुवारीतला सोमवार. कळंबा तलावाच्या वळणावर गवताचा भारा घेऊन चाललेली बायडाबाई नावाची म्हातारी. मांडीचं हाड दोन ठिकाणी. बंद पडली म्हणून बाभळीत ढकललेली स्कूटर आपल्या घरची. आणि आपल्या घरात भाऊ दोन, एक सर आणि एक नापास. लोकांनी काय जोडायचं ते जोडलं. रुद्रेश नापास झाला, सो त्यानंच पाडलं. 'सो' कारण दाखवतो, असं तू शिकवतोस ना? दाखवतो की. नसलं तरी दाखवतो.

आता खरं काय ते बारा रुपयांत कुणालाही मिळतंय, आणि छापलंयस तू स्वतः. इतका मूर्ख माणूस मी आजऱ्यातसुद्धा बघितला नाही. वाक्याचा सांधा तेवढा बघितलास, आत काय आहे ते वाचलंच नाहीस.

मला गल्लीचं काही नको. अव्वाला सांग. ती अजून समजते की तिच्या धाकट्यानं एका म्हातारीला रस्त्यावर टाकलं. संक्रांतीपर्यंत सांग. तिळगुळाच्या दिवशी खोटं नको.

रुद्रेश


निपाणी
रविवार, ६ डिसेंबर १९९८

सर,

तुझं पत्र आजऱ्याहून फिरून इथं आलं. काजू सोडला. अंगठे गेल्यावर तिथं काय ठेवलंय? इथं तंबाखूच्या वखारीत पोती उचलतो. दिवसभर शिंकतो. शेजारचा गडी म्हणतो, पंधरा दिवसांत शिंक जाते, मग वासही जातो, मग बायको काय रांधते तेही कळत नाही आणि संसार सुखाचा होतो.

भावाला इंग्रजीत पत्र लिहिणारा माणूस कोल्हापुरात तू एकटाच असशील. तीन ओळी. पोस्टमास्तरकडून वाचून घेतलं नाही, मी स्वतः लावलं, दोन रात्री गेल्या. 'मला तुझं पत्र मिळालं, बट मी कामात होतो. तू स्वतः कबूल केलंस अँड कुणी जबरदस्ती केली नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य बदललंय.' तीन ओळी, सगळा भूतकाळ, एक चूक नाही. जिल्हाधिकारी पत्र पाठवतो तसं.

बदलून काय केलंस? 'रमेश बाजारात गेला आणि पायी घरी आला'? रमेशला गुंतवलंस म्हण की.

पण एक बरोबर बोललास. मी कबूल केलं. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नव्हतं, म्हटलं बघू तू काढतोस का. काढलंस. हुशार.

तर मीच लिहितो. मंगळवारची दुपार, अव्वा दळणाला गेलेली. तू स्वयंपाकघरात आलास, बसला नाहीस. आदल्या रात्री पायी आल्यापासनं तुझ्या चपलेला लाल माती तशीच. म्हणालास, 'रुद्र्या, नंबरावरनं घर काडत्यात. आज येतील.'

मी म्हटलं, 'मग?'

'क्लास बंद पडंल. चाळीस पोरं हायत. तुझं काय हाय?'

हे तू वाईट बोललास असं मला तेव्हा वाटलंच नाही. मी खरंच विचार केला, माझं काय हाय? काही नाही. दहावी नाही, काम नाही, आणि घरातून कुठंतरी निघायचं तर वर्षभर मनात होतं. निमित्त सापडत नव्हतं. हेही लिहून टाकतो, तू काढायच्या आधी.

'आठ दिवस,' तू म्हणालास. 'लोकांचं सोड, पन अव्वाला म्या आठ दिवसांत सांगतो. बसवण्णाची आण.'

संध्याकाळी कळंब्याचे दोघं आले. अव्वा पीठ मळत होती. त्यांनी विचारलं, 'गाडी कोन चालवत हुतं?' मी म्हटलं, 'मी.' एकानं कानाखाली ठेवून दिली. तू म्हणालास, 'मारू नका, दवाखान्याचं आम्ही बगतो,' आणि दोघांना आत घेऊन चहा दिलास. तो चहासुद्धा तू किती नीट गाळलास ते मला अजून दिसतंय.

ते गेल्यावर अव्वा माझ्याजवळ आली. हाताला पीठ. पाडलंस का, असं तिनं विचारलंच नाही. म्हणाली, 'म्हातारीला उचललं का न्हाईस रे?'

मी काय सांगणार? मी तिथं असतो तर सांगितलं असतं. त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडं होतं आणि तू खोलीच्या दारात उभा होतास. मी तुझ्याकडं बघितलं. तू घड्याळाकडं बघितलंस, सातचा क्लास होता.

अव्वा रोज तेच विचारायची. ताट वाढायची आणि विचारायची. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी मी गेलो.

तुला वाटतंय मी निर्दोष म्हणवून घ्यायला हे लिहितोय. मला निर्दोष व्हायची हौस नाही रे, ते तुला लखलाभ. मला तिच्यासमोर बसून एकदा ताट संपवायचंय, बस्स. त्या प्रश्नाशिवाय.

संक्रांत चौदाला आहे. यंदा गुरुवार.

रुद्रेश


शिरोली
गुरुवार, १४ जानेवारी १९९९

सर,

तिळगुळ घ्या.

सकाळी राजारामपुरीत होतो. घरी आलो नाही. समोरच्या नव्या सायकलवाल्याकडं पंक्चर काढायला उभा राहिलो, सायकल नसताना. त्यानं विचारलंसुद्धा, 'पावणं, सायकल कुठाय?' म्हटलं, 'येतीया मागनं.' अव्वा दारात आली, शेजारणीला तिळगुळ देऊन आत गेली. केस पांढरे झालेत सगळे. तोंड बघून मला कळलं, तू सांगितलेलं नाहीस. कसं कळलं? आपल्या अव्वाचं तोंड आहे, त्याला गाइड लागत नाही.

मग शिरोलीला आलो, आकारामला गाठायला. कळंब्याहून क्लासला येणारा तो एकटाच, तुला पायी येताना कुणी बघितलं असेल तर त्यानंच. शिफ्ट सुटताना गेटवर उभा होतो. भट्टीवाले बाहेर पडतात तेव्हा डोळे तेवढे पांढरे दिसतात, बाकी सगळा माणूस कोळसा. आकारामनंच मला ओळखलं. 'आरं रुद्रेश! शेवटचं बाक!' चहाच्या गाड्यावर नेलं. आता तो सुपरवायझर झालाय. मशिनीचं इंग्रजी पुस्तक वाचून बेल्ट बदलला म्हणे. तुझ्या क्लासातून एकाला तरी इंग्रजी आली, आणि ती कोळशातल्या माणसाला. बरं वाटलं.

मी पुस्तक काढून सहावं वाक्य त्याच्यापुढं धरलं. म्हटलं, 'हे तुमचं ना? त्या मंगळवारचं? ड्यूटी सोडून पहिल्यांदा दुसरं काहीतरी लिहिलंत ते?'

त्यानं वाचलं, परत वाचलं. म्हणाला, 'अर्दं माजं हाय.'

'अर्धं म्हणजे?'

'म्या लिवलतं, सर केम फ्रॉम कळंबा ऑन फूट अँड आय सॉ. आमचं घर तिकडंच हाय न्हवं. सायकलीवरनं चाललतो, सर रस्त्यानं चालत हुतं, खाली मुंडी घालून. हाक मारली, बगितलंबी न्हाई. स्कूटर म्या कवा बगितली? स्कूटरचं माजं न्हाई.'

'मग सरांनी घातलं असंल.'

आकारामनं बशीतला चहा संपवला. मग हळूच म्हणाला, 'सरांनी ती चिट्टी फळ्यावर घेटलीच न्हाई. खोक्यातनं काडली, वाचली आन् खिशात घाटली. म्हनलं, आकाराम, तुमचं आज बी ड्यूटीचंच हाय. पोरं हसली. माज्या मनाला लागलं, खोटं कशाला बोलू? वर्साचं एक येगळं वाक्य आनलतं.'

खिशात. बरं. आता आपल्या घरात धुण्याआधी खिसे कोण तपासतं?

मग सगळं सरळ झालं. तुझं अक्षर कंपोझिटरला लागत नाही, म्हणून छापखान्याची प्रत कोण लिहून काढतं? दानेश्वरी वहिनी. तू स्कूटर काढून कळंब्याला निघालास तेव्हा दारात कोण उभी होती? तीच. ती दोन वर्षं ती चिठ्ठी कुठल्या डब्यात ठेवून बसली ते तिला माहीत. तुझ्या तोंडावर बोलता येईना, म्हणून तुझ्याच पुस्तकात घातलं, अभ्यास नववा, म्हशी व्याल्या आणि पाहुणे आले याच्या मधी. आणि तू प्रूफं तपासलीस. तू काय तपासलंस? कॉमे. बटच्या आधी कॉमा आहे का नाही.

तेव्हा मी पहिल्या पत्रात तुला मूर्ख म्हणालो ते मागं घेतो. मूर्ख असतास तर चिठ्ठी फळ्यावर लिहिली असतीस. तू भित्रा आहेस. मूर्खाला निदान लोक जेवायला बोलावतात.

वहिनीला यावरून एक शब्द बोललास तर मी क्लासात येऊन शेवटच्या बाकावर बसेन आणि खोक्यात चिठ्ठी टाकेन. ती पोरांना जोडायला सोपी जाईल.

आकारामकडं झोपायला चाललोय, कळंब्याला. त्याची बायको म्हणे गुळाच्या पोळ्या मोजून करत नाही.

रुद्रेश


कळंबा
रविवार, १७ जानेवारी १९९९

सर,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आकाराम आणून देईल, त्याच्यासमोर वाच.

काल बायडाबाईकडं गेलो. तीन वर्षांत आपल्यापैकी कुणी तिला त्या दिवसाचं काही विचारलं का रे? दवाखान्यात तू फळं ठेवून आलास, ती झोपलेली बघून. पाटलाला विचारलं, पंचाला विचारलं, जिची मांडी मोडली ती सोडून सगळ्यांना विचारलं. मीही त्यातच. मला वाटायचं, तिनं काय बघितलं असणार, मागून धडक.

म्हातारी उंबऱ्यावर हरभऱ्याची भाजी निवडत होती. एक पाय सरळ पुढं, वाकत नाही. 'कोन पावणं?' म्हणाली.

म्हटलं, 'गंगव्वाचा धाकटा.'

'आगं बया! म्हंजी मला पाडल्याला त्यो?'

'तसं म्हणत्यात.'

तिनं मला खालनं वरपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता भाजीचा दांडा तोंडावर येणार. तर म्हणाली, 'मग बोल की जरा इंग्रजीत.'

'मला इंग्रजी येत न्हाई, आज्जी.'

'चल खोटारड्या. त्या दिवशी काय झकास बोलत हुतास! तुजी आई सांगती, धाकटा इंग्रजीत दोनदा नापास. म्या मनात म्हनलं, नापास झाल्यालं एवडं बोलतंय, तर पास झाल्यालं काय बोलत आसंल!'

सर, मी हसलो. देवाशपथ, पोट धरून हसलो, आणि म्हातारीही बोळक्यानं हसली, कशाला हसतोय ते न कळता. मग मी विचारलं, काय बोलला तो.

ती म्हणाली, 'म्या पडल्यावर गाडी थांबली की. त्यो उतरला, माज्याजवळ आला. वाकून बगितलं. म्हनला, सारी, सारी, वो गाड, सारी. म्या म्हनलं, लेकरा, हात दे. परत सारी म्हनला. म्या हात असा वर धरला हुता बग. त्यानं बगितला हात. आन् गेला.'

तिनं हात वर धरून दाखवला. भाजीची पानं चिकटलेला.

मी समजत होतो, तू घाबरून तिच्याजवळ न जाता पळालास. मला ते चाललं असतं. तू जवळ गेला होतास. तू उतरलास, अँड वाकलास, अँड सॉरी म्हणालास, अँड गेलास. घे जोडून. एकही क्रियापद दुसऱ्याच्या पोटात घालू नकोस.

म्हातारीनं मग भाजी बाजूला सारली. मंद नाही ती. 'तू त्यो न्हवंस,' म्हणाली. 'आवाज न्हवं ह्यो. मग तुजी आई वर्सावर्साचं माजं पाय कशाला चोळती?'

तुला हे माहीत आहे का? मला नव्हतं. अव्वा दर सोमवारी साडेदहाच्या केएमटीनं कळंब्याला येते. पिशवीत दोन भाकरी, पातळ, कडा काढून, दुधात भिजतील अशा. म्हातारीच्या पायाला तेल लावते, तिची वेणी घालते आणि दीडच्या बसनं परत. घरात काय सांगून निघते? देवाला? तू कधी विचारलंस, कुठल्या देवाला? माझं पाप फेडतेय ती. तीन वर्षं, दर सोमवारी, तुझ्या वाटणीचं.

बायडाबाई म्हणाली, 'परवा सोमवार न्हवं का? मग सांगून टाकते तिला.' मी म्हटलं, 'आज्जी, तुम्ही सांगू नका. ज्याचं तोंड त्यानं उघडावं.'

ती म्हणाली, 'आन् तू रं? तू तीन वर्सांत कवा आलास माज्याकडं?'

मी भाजीचा पसारा उचलून द्यायला लागलो. चांगली कोवळी होती भाजी.

उद्या सोमवार. साडेदहाच्या बसनं अव्वाबरोबर ये. स्कूटर आणू नकोस, तू स्कूटर आणलीस की चालत जावं लागतं. मी उंबऱ्यावर असेन. तू आला नाहीस तर मी सांगेन, आणि मला जोडायला येत नाही, तेव्हा तुकड्यातुकड्यात सांगेन, आणि प्रत्येक तुकडा तिला वेगळा लागेल.

रुद्रेश


कोल्हापूर, स्टँड
मंगळवार, १९ जानेवारी १९९९

अण्णा,

काल तू होतास तिथं, तरी लिहितोय. तू खाली बघत होतास, तेव्हा तुला अर्धंच दिसलं असेल.

तू बसनं आलास. अव्वा पुढं, मधी वहिनी, मागं तू. टाय नव्हता. वहिनीच्या हातात तुझं पुस्तक होतं, पदराखाली, पहिली आवृत्ती. लागलंच तर असावं म्हणून आणलं असेल. अव्वानं मला बघितलं आणि तिची चाल मोडली. ती काही बोलणार तेवढ्यात तू पायरीवर ठेचकाळलास, म्हातारीच्या तांब्याला पाय लागला आणि पाणी सांडलं. आणि तू म्हणालास, 'सॉरी, सॉरी.'

सर, तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग इंग्रजी ते.

बायडाबाईनं मान वर केली. 'ह्यो,' म्हणाली. एवढंच. 'गंगव्वा, ह्यो गं.'

मी तुझ्यावर थुंकायची तयारी करून बसलो होतो. तीन वर्षं तोंडात थुंकी धरून. पण अव्वाच बोलली. आवाज चढवला नाही. पिशवी खाली ठेवली आणि तुझ्याकडं वळून म्हणाली, 'म्हातारीला उचललं का न्हाईस रे?'

तू सुरू केलंस. 'अव्वा, मी थांबलो होतो, पण अंधार पडला होता, आणि लोक येतील असं वाटलं, म्हणून...' तुझं ते क्लासातलं बोलणं, एकाला एक जोडत, कुठं संपूच नये असं. मी म्हटलं, झालं, आता हा दीडच्या बसपर्यंत जोडत बसणार.

अव्वा म्हणाली, 'सुम्निरो.' गप्प राहा. लहानपणी आपण पाढे चुकलो की म्हणायची तसं. 'उचललं का न्हाईस?'

तू म्हणालास, 'भ्यालो.'

एक शब्द. त्याच्या पुढंमागं काही नाही. तुझ्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं पुरं वाक्य. वहिनीनं तेव्हा पुस्तक पिशवीत घातलं, तू बघितलं नाहीस.

पुढचं तुला माहीत आहे. अव्वा रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. भाकरीची पिशवी तुझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'आजपास्नं सोमवार तुजा. तेल कसं लावायचं त्ये म्हातारी सांगंल.' आणि बायडाबाई म्हणाली, 'मराटीत बोलत ये म्हंजी झालं.' सगळ्यात आधी तूच हसलास, हे मला आवडलं नाही. पण हसलास.

आता तुला न दिसलेलं. तू तेल गरम करायला आत गेलास तेव्हा अव्वानं माझे अंगठे बघितले. उलटे, सुलटे. काय झालं विचारलं नाही. म्हणाली, 'घरी चल, ताट वाढते.' मग म्हणाली, 'तू पाडलं न्हाईस, मग म्हातारीकडं तीन वर्सं का आला न्हाईस? तुला तर भ्यायचं कारन नव्हतं.'

मी म्हटलं, 'येतो अव्वा, आकारामकडनं पिशवी घेऊन येतो.' आणि स्टँडवर आलो. रात्र इथंच काढली, बाकावर. माझं उत्तरही तोच एक शब्द आहे, हे मला बाकावर पडल्यावर कळलं. तू निदान तिच्या तोंडावर बोललास. मी पिशवी आणायला गेलो. हा एक मार्क तुझा, घे. फार उड्या मारू नकोस, पस्तीस लागतात.

गडहिंग्लजची गाडी फलाटावर लागलीय. कंडक्टर ओरडतोय. निपाणीला जायचं का नाही ते तिकीट काढताना ठरवीन. कदाचित काढणारच नाही. राजारामपुरी इथून चालत वीस मिनिटं आहे, आणि ताट वाढलेलं असेल तर झाकून ठेवलं असेल. अव्वा झाकून ठेवते.

तू मात्र सोमवारी साडेदहाची बस चुकवू नकोस. भाकरी पातळ कर म्हणावं वहिनीला, नाहीतर तूच शिक. आणि कडा काढून ने. म्हातारीला तीनच दात आहेत.

रुद्रेश